खर्जातली पहाट

जॅझ बेसवादक डेव्ह हॉलंडचा 'कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स', म्हणजे पक्ष्यांची सभा, हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिसऱ्या रचनेपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. अल्बमला नाव तिचंच मिळालं आहे. जेमतेम साडेचार मिनिटांची रचना, आणि सुरुवातीला फक्त डबल बेस. माणसाहून उंच वाद्य, मीटरभर लांबीच्या चार तारा, सगळ्यांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला 41 कंपनांचा. एवढ्या खालचा स्वर कानाला भिडण्याआधी छातीला कळतो. बोटाने तार ओढून सोडली की आधी लाकडाचा हलका ठोका येतो, मग स्वर फुलतो, मग बराच वेळ तो विरत राहतो. हॉलंड त्या विरण्याला पुरेसा वेळ देतो. तंबोरे जुळलेले आहेत, मैफल शांत झाली आहे, आणि गवयाने अजून तोंड उघडलेलं नाही, अशा क्षणी जे वातावरण असतं ते हा माणूस एकट्या बेसवर उभं करतो.

मग त्या स्वरांतून एक फिरतं वळण तयार होतं. पाच मात्रांचं. आपल्याकडे झपताल अंगात मुरलेला असल्यामुळे पाचाचा हिशेब मराठी कानाला परका वाटत नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला इथे एक मात्रा जास्त झाल्यासारखी वाटते. आपल्याला वाटते ती चाल, थोडी झुकून, थोडी थांबून चालणारी. या वळणावर बासरी आणि सोप्रानो सॅक्सोफोन येतात. एक स्वर धरतो, दुसरा त्याच्या बाजूने जातो, क्षणभर दोघे एकत्र, पुन्हा वेगळे. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे थेंब मधूनच पडत राहतात. कुणीही कुणाची साथ करत नाही आणि कुणीही एकटं नाही. एवढ्या कमी ऐवजात एवढी हवा भरलेली रचना जॅझमध्ये मी फार थोड्या ऐकल्या आहेत.

या रचनेची जन्मकथा हॉलंडने अल्बमसोबतच्या टिपणात सांगून ठेवली आहे. लंडनमध्ये तो राहत होता त्या घराला छोटी बाग होती. उन्हाळ्यात पहाटे चार-पाचच्या सुमाराला एकेक पक्षी तिथे येऊन गाऊ लागे, आणि बघता बघता सगळ्यांचं मिळून एक गाणं होई. प्रत्येकाचा आवाज स्वतःचा, तरी सगळे एकत्र. ती भावना संगीतातून इतरांपर्यंत पोहोचवावी, असं त्याला वाटलं. याच नावाचं एक प्रसिद्ध फारसी सूफी काव्यही आहे, बाराव्या शतकातल्या निशापूरच्या अत्तारचं, आणि त्यामुळे या अल्बममध्ये सूफी अर्थ शोधण्याचा मोह अनेकांना होतो. मला त्याची गरज वाटत नाही. बाग पुरेशी आहे.

मी हा अल्बम सिंगापूरमध्ये राहून ऐकत आलो आहे, आणि इथे त्या बागेचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. लंडनच्या जूनमध्ये पाचाच्या आधीच उजाडतं. हिवाळ्यात तोच सूर्य आठपर्यंत दिसत नाही. म्हणजे हॉलंडची ती पहाट ऋतूची होती, वर्षातल्या काही आठवड्यांपुरतीच मिळणारी. सिंगापूर विषुववृत्तापासून सव्वा अंशावर. इथे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यात अर्ध्या तासाचाच काय तो फरक. पण पक्षी सूर्याची वाट पाहत नाहीत. पाचलाच, काळोखात, कोकीळ सुरू होतो. आपल्या कवितेत वसंताची वर्दी देणारा हा पक्षी इथल्या उंच इमारतींच्या वस्तीत तक्रारीचा विषय आहे. झोपमोड होते म्हणून लोक पत्रं लिहितात, झाडं छाटायची मागणी करतात. कावळे वाढले, त्यांच्या घरट्यांत अंडी घालणारा कोकीळही वाढला, आणि काँक्रीटच्या दोन उंच भिंतींमध्ये त्याचा चढत जाणारा आवाज घुमू लागला. मागोमाग साळुंक्यांचा कलकलाट, मग एखादा दयाळ, ज्याची शीळ खरोखर रचलेल्या ओळीसारखी असते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पहाटेचं पक्ष्यांचं गाणं गोड असतं ही समजूत या अल्बमच्या आड येते. पहाटे पक्षी गातात ते हद्द सांगण्यासाठी, जोडीदार बोलावण्यासाठी. ती घोषणा असते, कधी भांडण असतं, कधी धमकी. आपल्याला लांबून त्याचं संगीत ऐकू येतं. तिसरी रचना ही लांबून ऐकलेली पहाट आहे. उरलेल्या पाच रचनांमध्ये हॉलंड आपल्याला झाडाखाली नेऊन उभं करतो.

पहिलीच रचना 'फोर विंड्स' घ्या. दोन सॅक्सोफोन एक कोनाकोनाची, उड्या घेत जाणारी धून वाजवतात, आणि ती संपते न संपते तोच जमीन पळू लागते. बेस चालतो आहे, झांजा चमकत आहेत, पण एरवी जॅझमध्ये एकल वादनाला जो स्वरसंघांचा ठरलेला नकाशा असतो तो इथे नाही. वाजवणाऱ्याला कुठेही जायची मोकळीक आहे. अशा वेळी दिशाहीन व्हायची भीती मोठी. ते होत नाही, कारण हॉलंडचा बेस. तो वादकाच्या पुढच्या पावलाचा अंदाज घेतो, तिथे आधीच एक स्वर ठेवतो, आणि वादकाने ते पाऊल टाकलं नाही तर तोच स्वर नव्या वाटेची सुरुवात करून दाखवतो. पहिल्या ऐकण्यात हे कळत नाही. सॅक्सोफोन इतके भरभरून बोलत असतात की कान त्यांच्याच मागे धावतो.

'क्यू अँड ए' मध्ये ही धाव थांबते. प्रश्न आणि उत्तर हे नावातच आहे. तुटक स्वर, घासलेल्या झांजेचा आवाज, फुंकर, मधल्या मोकळ्या जागा. कोण विचारतो आहे आणि कोण सांगतो आहे हे ठरवता येत नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न होऊन बसतं. अल्बममधली ही सगळ्यांत लांब रचना, साडेआठ मिनिटांची, आणि बरेच श्रोते इथेच सोडून देतात. मी त्यांना दोष देणार नाही. पण 'वातावरण' हा शब्द या अल्बमला लागू होत असेल तर तो इथे सर्वांत जास्त लागू होतो. आज वातावरणनिर्मिती म्हटली की लांबवलेले, धूसर केलेले, एकमेकांत मिसळलेले आवाज डोळ्यांपुढे येतात. हॉलंडच्या चौकडीकडे तसलं काहीही नाही. चार माणसं, लाकूड, पितळ, कातडं. प्रत्येक आवाजाची कड स्पष्ट आहे. वातावरण तयार होतं ते त्या आवाजांमधल्या अंतरामुळे, आणि ते अंतर राखलं जातं एकमेकांना ऐकण्यामुळे. धुक्याची गरज या लोकांना नाही.

त्या चौघांविषयी थोडं सांगायलाच हवं. 30 नोव्हेंबर 1972 ला न्यूयॉर्कमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा हॉलंड 26 वर्षांचा होता. ड्रम्स, झांजा आणि मारिंबा वाजवणारा बॅरी आल्टशुल 29 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. अँथनी ब्रॅक्स्टन 27 चा, शिकागोचा, बुद्धिबळाचा नादी. केवळ एका आल्टो सॅक्सोफोनवर साथीशिवाय अख्खा दुहेरी अल्बम वाजवून त्याने लोकांना चकित केलं होतं. आणि सॅम रिव्हर्स 49 चा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर 1964 मध्ये जपानचा दौरा केलेला, मॅनहॅटनमध्ये पत्नी बिएट्रिसच्या साथीने 'स्टुडिओ रिव्हबी' चालवून कित्येक तरुण वादकांना वाजवायला जागा देणारा. म्हणजे नेता सर्वांत लहान. सहाही रचना त्याच्या, नाव त्याचं, आणि ज्येष्ठ मंडळी त्याच्या कागदावरचं वाजवायला तयार. आपल्या घराणेदार शिस्तीत वाढलेल्या श्रोत्याला याची गंमत जास्त कळावी. इथे मान वयामुळे मिळालेला नाही, आणि वयाचा मान राखला गेला नाही असंही कुठे वाटत नाही. रिव्हर्सला हॉलंड जेवढी मोकळी जागा देतो, तेवढी तो स्वतःला देत नाही.

हॉलंड या जागी कसा पोहोचला, तेही या संगीतात ऐकू येतं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा हा मुलगा लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात रीतसर शिकला, रात्री क्लबमध्ये वाजवू लागला. 1968 च्या उन्हाळ्यात रॉनी स्कॉटच्या क्लबमध्ये माइल्स डेव्हिसने त्याला ऐकलं आणि थेट आपल्या चमूत बोलावून घेतलं. 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या दोन्ही युगप्रवर्तक अल्बमांत त्याचा बेस आहे. पण माइल्सचं संगीत विजेच्या वाद्यांकडे झुकत होतं. ऑगस्ट 1970 मध्ये आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवात प्रचंड जनसागरापुढे हॉलंडच्या हातात बेस गिटार होती. त्यानंतर लवकरच तो आणि पियानोवादक चिक कोरिया माइल्सपासून वेगळे झाले. आल्टशुल आणि ब्रॅक्स्टनसह त्यांनी 'सर्कल' नावाची चौकडी केली, पॅरिसमध्ये फेब्रुवारी 1971 मध्ये गाजलेली मैफल वाजवली, आणि मग कोरिया बाहेर पडला. राहिले तिघे. पियानो गेला, आणि त्याबरोबर सुरावटीखाली अंथरलेली सतरंजीही गेली. रिव्हर्स येऊन मिळाला तेव्हा चौकडी पुन्हा पूर्ण झाली, पण पियानोची जागा रिकामीच ठेवली गेली.

माझ्या मते या अल्बमचं मर्म त्या रिकाम्या जागेत आहे. पियानो असता तर प्रत्येक क्षणी स्वरांचा अर्थ त्याने ठरवून दिला असता. तो नसल्याने एकाच सॅक्सोफोनच्या स्वराचा अर्थ खालच्या बेसवर अवलंबून राहतो. बेस एका स्वरावर असेल तर वरचा स्वर उजळ, दुसऱ्यावर असेल तर तोच उदास. एवढी सत्ता हातात असलेला माणूस ती कशी वापरतो? हॉलंड ती मागे राहून वापरतो. पूर्ण अल्बममध्ये त्याने स्वतःला मिरवून घेतलं आहे असे क्षण फार कमी, आणि तरीही त्याला वजा करून बघा, काही उरत नाही. सर्वांत खाली असणं म्हणजे सर्वांत मागे असणं नव्हे, हे सांगायला त्याला एकही चढा स्वर लागलेला नाही.

ज्या कंपनीने हा अल्बम काढला तिचंही बेसशी नातं आहे. म्युनिकमध्ये 1969 साली 'ईसीएम' सुरू करणारा मान्फ्रेड आयशर स्वतः डबल बेस शिकलेला आणि वाजवलेला माणूस. त्याने 1971 मध्ये हॉलंड आणि बॅरे फिलिप्स यांचा केवळ दोन डबल बेसांचा अल्बम काढला होता. दुसऱ्या कुठल्या निर्मात्याने हे धाडस केलं असतं असं वाटत नाही. या अल्बमचा निर्माताही तोच. बेसचा प्रत्येक स्वर त्याच्या लाकडासकट इथे ऐकू येतो, त्याचं श्रेय आयशरच्या कानाला द्यायला हवं. त्या काळच्या कितीतरी जॅझ मुद्रणांत बेस म्हणजे भिंतीपलीकडची धडधड असते.

'इंटरसेप्शन' हा या अल्बममधला सर्वांत प्रखर भाग. नावाप्रमाणेच एकमेकांच्या वाटेत शिरणं. वेग जबरदस्त, सॅक्सोफोन किंचाळण्याच्या टोकापर्यंत जातात, आल्टशुल एका जागी टिकत नाही. कोकीळ दोन इमारतींमध्ये सापडतो तेव्हाची ही पहाट. त्यानंतर येणारी 'नाऊ हिअर' संथ, जवळजवळ ताल सोडून तरंगणारी, आणि तिची जागा अचूक निवडलेली. तेवढ्या दाहानंतर कानाला तेवढीच शांतता हवी असते. शेवटची 'सी-सॉ' पुन्हा खेळकर, वर-खाली झोके घेणारी. ती मला बाकीच्यांइतकी खोल वाटत नाही, पण हसत उठून जाण्यासाठी चांगली आहे.

सिंगापूरमध्ये पक्ष्यांची आणखी एक सभा भरते, आणि या अल्बमच्या संदर्भात मला तिची आठवण टाळता येत नाही. अँग मो किओच्या केबुन बारू भागात पक्षीगायनाचा एक क्लब आहे. उंच खांब रांगेने उभे, आणि सकाळी सकाळी मंडळी आपापले नक्षीदार पिंजरे घेऊन येतात, दोरीने वर चढवतात, आणि खाली बसून ऐकतात. मर्बोक नावाचा छोटा होला, जांबुल म्हणजे आपल्या कोकणातला शिपाई बुलबुल, चष्मेवाला, शामा. स्पर्धा असते तेव्हा परीक्षक आवाजाची पट्टी, लय, गोडवा तपासतात. बहुतेक निवृत्त माणसं. त्यांचं आपल्या पक्ष्यावरचं प्रेम खरं आहे, आणि त्यांचं ऐकणं फार बारीक आहे. एका मर्बोकच्या आवाजातला जो फरक त्यांना कळतो तो मला कधी कळणार नाही. हॉलंडचा श्रोता व्हायला लागणारा कान तिथे आहे. पण तिथे प्रत्येक पक्षी आपल्या खांबावर एकटा असतो आणि प्रत्येकाचे गुण वेगळे मोजले जातात. या अल्बममध्ये कुणाचे गुण मोजावे, हा प्रश्नच सुचत नाही. ब्रॅक्स्टन सरस की रिव्हर्स, यावर पन्नास वर्षं लोक बोलत आले आहेत. अल्बम सुरू असताना मात्र ते बोलणं बंद पडतं.

या शहराची स्वतःची जॅझ परंपरा वेगळ्या वळणाची आहे. जेरेमी मॉन्तेरोचा पियानो, झुलती लय, ओळखीच्या धुना. रॅम्से लुईसच्या जुन्या त्रयीतला बेसवादक एल्डी यंग आणि ड्रमर रेड होल्ट यांच्यासह तो 1988 मध्ये माँट्रोच्या महोत्सवात वाजवून आला. तो बेस उत्सवाचा, पाय थिरकायला लावणारा. त्या बेसवर प्रेम करणाऱ्याने हॉलंडकडे यावं, कारण मुळात दोघांचंही काम एकच, बाकीच्यांच्या पायाखाली जमीन ठेवणं.

मराठी श्रोत्याला हॉलंडपर्यंत जायची एक जवळची वाटही आहे. 2019 मध्ये 'गुड होप' हा अल्बम आला. झाकीर हुसेन, हॉलंड आणि सॅक्सोफोनवादक ख्रिस पॉटर, तिघेच. शंकर महादेवन आणि लुई बँक्स यांच्यासह निघालेल्या 'क्रॉसकरंट्स' या मोठ्या चमूतून ही त्रयी उरली. इथेही पियानो नाही. सत्तरी ओलांडलेला हॉलंड आणि माहीमच्या घरात वाढलेले झाकीरभाई खालच्या पट्टीत शेजारी बसतात. डग्ग्याचा घुमारा आणि बेसची खुली तार एकाच खोलीतून येतात, आणि तरी एकमेकांवर चढत नाहीत. कितीतरी ठिकाणी झाकीर डग्गा दाबून त्याचा स्वर सरकवतात आणि हॉलंड बोट तारेवर तसंच सरकवून त्याला प्रतिसाद देतो. 15 डिसेंबर 2024 ला झाकीर गेले. त्यांच्या शेकडो मुद्रणांत त्यांच्या सवाल-जवाबाची आतषबाजी सापडते; ते दुसऱ्याला कसं ऐकत हे समजून घ्यायचं असेल तर 'गुड होप' लावावा. आणि तो ऐकून मागे 1972 कडे यावं, म्हणजे हॉलंडने हे ऐकणं किती लवकर कमावलं होतं ते दिसेल.

आता ऐकण्याविषयी. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्या चिमुकल्या स्पीकरला खालच्या तारेचा स्वर काढताच येत नाही. तो फक्त बोटाचा ठोका देतो आणि अल्बमचा नेताच गायब होतो. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर हवेत. सगळा मिळून चाळीस मिनिटांचा ऐवज आहे. आधी तिसरी रचना, दोनदा. मग 'नाऊ हिअर'. त्यानंतर 'फोर विंड्स', पण सॅक्सोफोनकडे पूर्ण दुर्लक्ष करून, पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत केवळ बेसचा माग घेत. हे सुरुवातीला अवघड जातं, कान सुटून वर जातो, त्याला परत खाली आणावं लागतं. एकदा ते जमलं की आल्टशुलच्या झांजा आपोआप वेगळ्या होतात, आणि मग रिव्हर्सचा रुंद, किंचित खरखरीत आवाज आणि ब्रॅक्स्टनचा टोकदार आवाज नावाने ओळखू येतात. चौघांची ओळख पटली की 'क्यू अँड ए', आणि सर्वांत शेवटी 'इंटरसेप्शन', पूर्ण आवाजात.